नरी कॉन्ट्रॅक्टर, १९६२ : एक चेंडू, पाच रक्तदाते आणि एक अपुरे पुनरागमन

१/
मार्च १९६२. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेट. ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारतीय संघाच्या कर्णधाराच्या डोक्यावर चेंडू आदळला आणि त्याच्या कवटीचे हाड मोडले. तो वाचला, पुन्हा बॅट घेऊन मैदानात उतरला, धावाही काढल्या. मात्र भारताकडून तो पुन्हा एकदाही खेळला नाही. आजच्या धाग्यात तीन प्रश्न पाहू : त्या दिवशी नेमके काय घडले, त्याला कोणी वाचवले आणि खेळाडू ‘बरा झाला’ असे आपण केव्हा म्हणावे?

२/
नरी कॉन्ट्रॅक्टर यांचा जन्म ७ मार्च १९३४ रोजी गोध्रा येथे झाला. डावखुरे सलामीवीर. गुजरातकडून रणजी पदार्पणातच त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. १९५९ मध्ये लॉर्ड्सवर ब्रायन स्टॅथमच्या चेंडूने बरगड्या मोडल्या असतानाही ते खेळत राहिले आणि ८१ धावा करूनच परतले. दुखापत सोसणे त्यांना नवे नव्हते. सव्विसाव्या वर्षी ते कर्णधार झाले आणि १९६१-६२ च्या हंगामात त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडला २-० असे हरवले. इंग्लंडविरुद्धचा तो आपला पहिलाच मालिकाविजय.

३/
त्या विजयानंतर जेमतेम महिन्याभरात संघ वेस्ट इंडीजमध्ये पहिली कसोटी खेळत होता. काळाची पार्श्वभूमीही लक्षात घ्यावी. गोवा मुक्त होऊन तीनच महिने झाले होते. तिकडे कॅरिबियन बेटांचे संघराज्य मोडकळीस आले होते आणि जमैका व त्रिनिदाद त्याच वर्षी स्वतंत्र होणार होते. वेस्ट इंडीजचे कर्णधार होते फ्रँक वॉरेल, संपूर्ण मालिकेसाठी त्या पदावर नेमले गेलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. पहिल्या दोन्ही कसोट्या भारताने सपशेल गमावल्या.

४/
तिसऱ्या कसोटीपूर्वी बार्बाडोस संघाशी सामना होता. ही कसोटी नव्हे, दौऱ्यातला एक सामना. कॉन्ट्रॅक्टर विश्रांती घेणार होते, पण संघातले काही जण जायबंदी असल्याने त्यांना उतरावे लागले. डावाची सुरुवात करायला त्यांच्यासोबत होते गोव्यात जन्मलेले, मुंबईचे तरुण फलंदाज दिलीप सरदेसाई. समोर चार्ली ग्रिफिथ : उंचापुरा, अतिशय वेगवान, आणि त्याचा काही चेंडू टाकताना हात कोपरातून सरळ होतो, म्हणजे तो चेंडू ‘फेकतो’, अशी कुजबुज त्याच्यामागे कायम असे.

५/
१७ मार्च. ग्रिफिथचे दुसरे षटक. एक आखूड टप्प्याचा चेंडू उसळला आणि कॉन्ट्रॅक्टर यांच्या उजव्या कानाच्या वर आदळला. फलंदाज डावखुरा असल्याने डोक्याची उजवी बाजू गोलंदाजाकडे होती. हेल्मेट त्या काळी अस्तित्वातच नव्हते. कानानाकातून रक्त येऊ लागले. तरीही ते आधाराने पायी चालत तंबूत परतले. ही ‘पायी चालत’ची नोंद लक्षात असू द्या, पुढे तिचा उपयोग आहे.

६/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी महत्त्वाचा भाग. या एका चेंडूच्या हकिकती तीन प्रकारे सांगितल्या जातात. पहिली : चेंडू खूप उसळेल असे समजून फलंदाज वाकला आणि थेट चेंडूच्या वाटेत आला. दुसरी, ‘विस्डेन’च्या वृत्तांतातली : फलंदाज वाकला नव्हता. तो चेंडूच्या रेषेत आला, उंचीचा अंदाज चुकला आणि अखेरच्या क्षणी कमरेतून मागे झुकूनही त्याला चेंडू चुकवता आला नाही. तिसरी खुद्द कॉन्ट्रॅक्टर यांची : त्या टोकाला साइटस्क्रीन नव्हता, ऐन वेळी पॅव्हेलियनमधली एक खिडकी कोणीतरी उघडली, नजर क्षणभर ढळली.

७/
यांतली खरी कोणती? पहिल्या दोन हकिकती दुरून पाहणाऱ्यांच्या आहेत. त्या शरीराची हालचाल टिपतात. तिसरी आतली आहे, ती लक्ष कोठे होते हे सांगते. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. खिडकीमुळे अर्धा क्षण वाया गेला आणि म्हणून उंचीचा अंदाज चुकला, असे मानले तर ‘विस्डेन’ आणि कॉन्ट्रॅक्टर यांच्यात विरोध उरत नाही. विरोधी साक्षींपैकी एक खोटी ठरवण्याआधी प्रत्येक साक्षीदार कोठे उभा होता हे पाहावे, हा साधनचिकित्सेचा पहिला धडा येथे मिळतो.

८/
मग ग्रिफिथ दोषी होता का? त्याच सामन्यात पंच कॉर्टेझ जॉर्डन यांनी चेंडू फेकल्याबद्दल त्याला नो-बॉल दिला. त्याच डावात विजय मांजरेकर यांच्या नाकावरही चेंडू बसला. पुढे १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये पंच आर्थर फॅग यांनीही त्याला फेकीबद्दल नो-बॉल दिला. संशयाला आधार होता. पण संशय गोलंदाजीच्या शैलीविषयी होता. इजा करण्याचा हेतू त्यातून सिद्ध होत नाही. कॉन्ट्रॅक्टर यांनी ग्रिफिथला कधी दोष दिला नाही. ज्याची कवटी फुटली त्याने दिलेला हा निवाडा आपण हलका मानू नये.

९/
तंबूतून त्यांना रुग्णालयात नेले. डोक्याच्या अशा माराची गोम अशी की माणूस प्रथम शुद्धीवर असतो, बोलतो, चालतो. दरम्यान कवटीच्या आत रक्त साचत जाते. कवटी ताणली जात नाही, त्यामुळे दाब मेंदूवर येतो आणि काही तासांत प्रकृती ढासळते. येथेही तेच झाले. मेंदूच्या शल्यविशारदाला त्रिनिदादहून बोलवावे लागणार होते आणि तेवढा वेळ हाताशी नव्हता. म्हणून स्थानिक शल्यविशारदाने तातडीने पहिली शस्त्रक्रिया केली. त्रिनिदादचे तज्ज्ञ आल्यावर दुसरी झाली. रुग्ण सहा दिवस बेशुद्ध होता.

१०/
शस्त्रक्रियेसाठी रक्त हवे होते. रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उमरीगर हे तीन भारतीय खेळाडू होते. पाचवे क्रिकेट-समीक्षक के. एन. प्रभू. म्हणजे पुण्याचे बोर्डे, नाशिकचे नाडकर्णी, सोलापुरात जन्मलेले उमरीगर, दौऱ्याची बातमी लिहायला गेलेला एक पत्रकार आणि बार्बाडोसचा भूमिपुत्र वॉरेल. ज्या बेटावर तो चेंडू टाकला गेला, त्याच बेटाच्या माणसाचे रक्त कॉन्ट्रॅक्टर यांच्या शरीरात गेले.

११/
रुग्ण रुग्णालयात असतानाच २३ मार्चला त्याच मैदानावर तिसरी कसोटी सुरू झाली. कर्णधारपद आले उपकर्णधार मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे. वय २१ वर्षे ७७ दिवस, तोवरच्या कसोटी इतिहासातला सर्वांत तरुण कर्णधार. आणि पतौडी कोण? आदल्याच वर्षी, जुलै १९६१ मध्ये, इंग्लंडमधील मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावलेला फलंदाज. एका जायबंदी खेळाडूची जागा दुसऱ्याने घेतली. एका डोळ्याने खेळायला शिकून पहिल्या श्रेणीत परतणाऱ्याला संधी मिळाली. कवटी सांधून परतणाऱ्याचे काय झाले, ते पुढे येईलच.

१२/
मालिका ०-५ अशी गेली. पण चौथ्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, उमरीगर यांनी ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या, शिवाय एका डावात पाच बळीही घेतले. कर्णधारासाठी रक्त देऊन काही आठवडेही झाले नव्हते. भारतीय क्रिकेटमधील एकहाती झुंजींची यादी करताना ही खेळी आणि तिची ही पार्श्वभूमी एकत्र वाचावी.

१३/
भारतात परतल्यावर उपचारांचा पुढचा टप्पा वेल्लोरला झाला. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४९ मध्ये डॉ. जेकब चंडी यांनी देशातला मेंदूशल्यचिकित्सेचा पहिला विभाग उभा केला होता. कवटीतली पोकळी झाकण्यासाठी तेथे धातूची पट्टी बसवण्यात आली. तो विभाग तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा होता. कर्णधाराची दुखापत पंधरा वर्षे आधी झाली असती, तर हे उपचार देशात मिळाले नसते. खेळाडूच्या जिद्दीच्या कथा आपण सांगतो. त्या जिद्दीखाली अशा संस्थांचा पाया असतो.

१४/
साधारण वर्षभरात कॉन्ट्रॅक्टर पुन्हा प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले आणि १९७०-७१ पर्यंत खेळत राहिले. हात चालत होते, नजर शाबूत होती, धावा होत होत्या. भारतीय संघात परतण्याची त्यांची इच्छाही होती. पण ती हाक आली नाही. ज्याच्या डोक्यात पट्टी आहे, त्याला पुन्हा वेगवान माऱ्यापुढे उभे करण्याचा धोका निवडकर्ते पत्करेनात. ३१ कसोट्या, १,६११ धावा. कारकीर्द अठ्ठाविसाव्या वर्षी संपली. शरीर बरे झाले, भोवतालच्या माणसांची धास्ती मात्र बरी झाली नाही. त्या धास्तीला दोष देणेही सोपे नाही, कारण तिच्यात काळजी होती.

१५/
फुटबॉलप्रेमींना येथे बर्ट ट्राउटमन आठवेल. १९५६ चा एफए कप अंतिम सामना, मँचेस्टर सिटी विरुद्ध बर्मिंगहॅम सिटी. पंचाहत्तराव्या मिनिटाच्या सुमारास पीटर मर्फीच्या पायाशी झेपावताना या जर्मन गोलरक्षकाची मान मोडली. तरी तो शेवटपर्यंत गोलात उभा राहिला आणि सिटीने ३-१ असा विजय मिळवला. मान मोडल्याचे क्ष-किरण चित्रातून काही दिवसांनी कळले. या धैर्याचे कौतुक होते. पण राखीव खेळाडू उतरवण्याची मुभाच नव्हती, ही त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. इंग्लिश लीगमध्ये ती सोय १९६५ साली आली.

१६/
क्रिकेटला याहून उशीर लागला. १७ मार्च १९७८ रोजी सुरू झालेल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहॅम यॅलप हेल्मेट घालून खेळला. कसोटीतला तो पहिला प्रसंग. मैदान तेच ब्रिजटाऊनचे, तारीख तीच, मध्ये सोळा वर्षे. यॅलपची तेव्हा हुर्यो उडवली गेली. डोक्याला मार लागलेल्याच्या जागी पूर्ण खेळणारा बदली खेळाडू घेण्याची मुभा तर २०१९ मध्ये मिळाली, तीही नोव्हेंबर २०१४ मध्ये फिलिप ह्यूजचा बळी गेल्यावर. खेळाचे नियम बहुधा कोणाच्या तरी दुखापतीच्या पाठोपाठच बदलतात, आणि बदलले तरी फार सावकाश.

१७/
वॉरेल १९६६-६७ मध्ये वेस्ट इंडीज संघासोबत भारतात आले. येथे असतानाच त्यांच्या आजाराचे निदान झाले : ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. १३ मार्च १९६७ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. बंगालची क्रिकेट संघटना १९८१ पासून ३ फेब्रुवारीला ‘फ्रँक वॉरेल दिन’ पाळते. त्या दिवशी रक्तदान शिबिर भरते. पुतळ्यापेक्षा हे स्मारक मला मोठे वाटते, कारण त्यातून दरवर्षी कोणीतरी जगतो.

१८/
एक धागा अजून सुटा आहे. १९६२ मध्ये त्या डावात सलामीला उतरलेले सरदेसाई १९७१ मध्ये पुन्हा वेस्ट इंडीजला गेले. मालिकेत त्यांनी ६४२ धावा केल्या आणि भारताने तेथे पहिल्यांदाच मालिका जिंकली. त्यांपैकी १५० धावांची खेळी ब्रिजटाऊनची आहे. एकनाथ सोलकर यांना साथीला घेऊन, संघ संकटात असताना, त्याच केन्सिंग्टन ओव्हलवर. कॉन्ट्रॅक्टर यांनी प्रथम श्रेणीचे क्रिकेट सोडले तो हंगामही हाच.

१९/
हा धागा मी नांदगाव खंडेश्वरहून लिहितो आहे. आमच्या वऱ्हाडात कापसाची उलंगवाडी झाली की रिकाम्या वावरांत खेळपट्ट्या तयार होतात आणि गावोगावचे सामने रंगतात. डोक्याला चेंडू लागला की तोंडावर पाणी मारतात. मुलगा उठून चालू लागला की ‘काही नाही झाले’ म्हणून खेळ पुढे सुरू. पाचव्या नोंदीतली गोष्ट आठवा : कॉन्ट्रॅक्टरही चालतच परतले होते. डोक्याला मार लागलेल्याला खेळू देऊ नका, एकटे सोडू नका, दवाखान्यात न्या. इतिहासाचा एवढा उपयोग झाला तरी पुरे.

२०/
ती धातूची पट्टी साठ वर्षे डोक्यात राहिली. वरची कातडी झिजू लागल्याने एप्रिल २०२२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, मुंबईत शस्त्रक्रिया करून ती काढण्यात आली. म्हणजे मैदानावरची ती दुखापत वैद्यकीय अर्थाने २०२२ पर्यंत सुरूच होती. सुरुवातीच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. जखम भरली तेव्हा ते ‘रुग्ण’ राहिले नाहीत आणि रणजीत धावा केल्या तेव्हा ते ‘खेळाडू’ झाले. पण बरे होण्याचा शेवटचा भाग इतरांच्या हाती असतो, आणि तो त्यांना मिळाला नाही. आपल्या भागातल्या अशा एखाद्या खेळाडूची हकिकत ठाऊक असेल, तर त्याच्याशी बोला आणि लिहून ठेवा. साक्षीदार हयात आहेत तोवरच ते साधते.