भरतपूरची माती आणि पोलादाचे पोळे

तोफेचा गोळा आणि मातीची भिंत यांची गाठ पडली तर कोण हरेल? १८०५ साली इंग्रज सेनापती लॉर्ड लेक याला या प्रश्नाचे उत्तर फार महागात पडले. यशवंतराव होळकर तेव्हा भरतपूरचा जाट राजा रणजितसिंग याच्या आश्रयाला गेले होते. लेकने किल्ल्याला वेढा घातला, जानेवारी-फेब्रुवारीत चार वेळा हल्ला चढविला आणि चारही वेळा मार खाऊन तो मागे हटला. त्याची तीन हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. खंदकाचा आणि जाटांच्या शौर्याचा यात वाटा मोठा, हे तर खरेच. पण तटाचेही श्रेय आहे. दगडी तट गोळ्यांनी तडकतो, चिरे निखळतात. भरतपूरचा तट जाड मातीचा; गोळा यायचा आणि आत रुतून बसायचा. जे थोडे भगदाड पडे ते किल्ल्यातले लोक रातोरात बुजवीत.

तोच किल्ला जानेवारी १८२६ मध्ये पडला, तो तटाखाली सुरुंग उडवून. गोळ्याचा आघात निराळा आणि स्फोटाचा धक्का निराळा, तो असा.

आघाताचा जोर नाहीसा होत नाही, तो कुठेतरी जिरवावा लागतो. उंच माडावरून सोडणासकट नारळ पडला तर सहसा फुटत नाही. धक्का सोडण खाते. पण जहाजाला किंवा गाडीला मातीचा तट कसा बांधणार? तेव्हा युक्ती निघाली ती अशी: दोन पातळ पत्रे आणि मधे हलका, पोकळ गाभा. याला सँडविच पॅनेल म्हणतात. गाभा कधी मधाच्या पोळ्यासारखा षट्कोनी घरांचा, कधी चौकोनी घरांचा, तर कधी चक्क धातूच्या फेसाचा. १९६९ साली माणसाला चंद्रावर उतरविणाऱ्या यानाच्या पायांत असेच अॅल्युमिनियमचे पोळे बसविले होते. यान टेकले की त्याने चुरगळावे आणि धक्का खावा, एवढेच त्याचे काम.

आता स्फोटाकडे वळू. १९४१ साली, महायुद्ध चालू असताना, केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी एक गणित मांडले. पाण्याखाली सुरुंग फुटला की दाबाची लाट जहाजाच्या पत्र्यावर आदळते. पत्रा जड असेल तर तो जागचा हलत नाही आणि सगळा मार अंगावर घेतो. हलका असेल तर लाटेपुढे चटकन सरकतो. मग त्याच्यावरचा दाब ओसरतो आणि पुढचा मार बराच चुकतो. वारा आला की लव्हाळे वाकते, तसलाच प्रकार बरं का!

१२ ऑक्टोबर २००० रोजी एडन बंदरात स्फोटकांनी भरलेली एक होडी ‘कोल’ या अमेरिकन युद्धनौकेला भिडली. नौकेच्या कुशीला भलेमोठे भगदाड पडले आणि १७ खलाशी प्राणास मुकले. त्यानंतरच्या काही वर्षांत हार्वर्ड आणि केंब्रिज येथील संशोधकांनी टेलरचे गणित सँडविच पॅनेलला लावून पाहिले. त्यांच्या मते घटना तीन टप्प्यांत घडते. पुढचा पातळ पत्रा धक्का घेऊन आत धावतो; मग गाभा चुरगळतो आणि जोर खातो; शेवटी सगळे पॅनेल वाकते, ताणले जाते. केंब्रिजमध्ये तर स्फोटाऐवजी धातूच्या फेसाचे गोळे पॅनेलवर झाडून हे तपासले. प्रयोगशाळेत रोज कोण सुरुंग उडवणार?

पाण्यातील स्फोटात असे पॅनेल तेवढ्याच वजनाच्या भरीव पत्र्यापेक्षा पुष्कळच कमी वाकते, असे आढळले. हवेतल्या स्फोटात मात्र हा लाभ बराच कमी, कारण हवा विरळ आणि पत्रा तिच्या मानाने जड. गाभाही नीट निवडावा लागतो. तो फार मऊ असला तर पुढचा पत्रा सरळ मागच्यावर जाऊन आपटतो. फार कठीण असला तर चुरगळतच नाही, आणि मग पोकळ ठेवून उपयोग काय? शिवाय भरतपूरच्या मातीसारखे हे पोळे रातोरात लिंपता येत नाही. एकदा चुरगळले की तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागतो.