ट्रॅक्टरच्या बॅटरीवरचं रामायण

गाडीतली वीज घरात घ्यायची, हे आमच्या वाशीम भागाला नवं नाही. 1987-88 साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं आणि नेमकी लाईट जायची. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. वाशीम वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. रिसोडकडच्या आमच्या गावात ज्याच्या दारी ट्रॅक्टर, त्याच्या ओसरीत गाव जमायचं. पान्याने नट ढिले करून बारा व्होल्टची जड बॅटरी दोघं उचलून आणत. लाल वायर, काळी वायर चिमट्यांनी लावली की ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही सुरू! मालकाची अट एकच: उद्या वावरात जाताना सेल्फ लागला पाहिजे, धक्का मारायची पाळी नको.

मग भारनियमनाची वर्षं आली. 6 जून 2005 ला वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं, तरी आमच्या तोंडी 'बोर्ड'च राहिलं. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री फेज रात्री. थंडीत, सापाकिरड्यात माणसं मोटर चालू करायला जात. बोर्डावरचा अविश्वास त्या रात्रींतला आहे.

म्हणून 2015 साली वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम केले, ते मला फार मोठं पाऊल वाटतं. छपरावरची वीज उलट तारेत जाऊन बिलातून वजा होऊ लागली. 2024 च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजारांचं अनुदान मिळालं. तरी पॅनल बघायला आलेला शेजारी आधी मीटरच बघतो आणि विचारतो, "आपले युनिट बरोबर धरतात ना?"

आता इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतून ग्रीडला वीज विकायची गोष्ट निघाली आहे. अमेरिकेत विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंड्रे यांनी ही कल्पना 1997 मध्येच मांडली होती. पुढे 2014 च्या एका अभ्यासात तिथले ग्राहक काय म्हणाले? गाडी ठरावीक तास तारेला लावूनच ठेवायची, असा करार नको. पैसे आधी द्या, नाहीतर वीज घ्याल तसे द्या. आमच्या माणसानेही हेच सांगितलं असतं.

तेव्हा ही योजना वाशीमला आणणाऱ्यांना एवढीच विनंती: करार मराठीत करा, आणि युनिटचा दर व सकाळी बॅटरीत किती चार्ज शिल्लक ठेवणार, हे पहिल्याच पानावर लिहा.