गुपित आणि सांगणे : 'सांगत्ये ऐका'च्या निमित्ताने

उतारवयातील चित्रतारका आणि तिची गुपिते हा कादंबरीचा हुकमी विषय आहे. टेलर जेन्किन्स रीड यांची 'द सेव्हन हजबंड्स ऑफ एव्हलिन ह्यूगो' (२०१७) ही त्यातली अलीकडची विशेष वाचकप्रिय कादंबरी. ७९ वर्षांची एव्हलिन एका तरुण स्त्री-पत्रकाराला बोलावून घेते आणि आपल्या सात लग्नांची हकीकत सांगते. जगाला ठाऊक नसलेले काही तिच्यापाशी आहे, यावर कथानकाचा सारा ताण उभा आहे. गुपित हीच तिची मिळकत. ती केव्हा आणि कुणाच्या हाती सोपवायची, हे तीच ठरवते.

मराठी वाचकाला हा सांगाडा ओळखीचा वाटावा. हंसा वाडकर यांनी आपले आयुष्य अरुण साधू यांना सांगितले. ते आधी 'माणूस'मधून आणि १९७० साली 'सांगत्ये ऐका' या पुस्तकाच्या रूपाने वाचकांपुढे आले. १९७१ मध्ये त्या वारल्या, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. मूळच्या रतन साळगावकर. १९३६ च्या 'विजयाची लग्ने'पासून पडद्यावर, म्हणजे तेराव्या वर्षीच घरासाठी मिळवत्या झालेल्या. लवकर आलेले म्हातारपण हेही त्या व्यवसायाचेच देणे.

परंतु साम्य येथेच संपते. हंसाबाईंपाशी एव्हलिनसारखे राखून ठेवलेले गुपित नव्हते. त्यांचे मद्यपान, विस्कटलेला संसार, घराबाहेर काढलेली वर्षे यांची कुजबुज आधीपासून होतीच. नटीविषयी आपल्याला सगळे माहीत आहे, अशी समाजाची खात्रीच असते.

या खात्रीची मुळे आम्हाला ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) परिसरात स्पष्ट दिसतात. हा तमाशाचा मुलूख. याच वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी 'वैजयंता' या कादंबरीची नायिका तमाशाच्या फडातून घेतली. बोर्डावर उभी राहिलेली बाई सगळ्यांची, तिचे खासगी असे काही नसते, हा समज येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तमाशातून तो चित्रपटाच्या नटीपर्यंत पोचला. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) मध्ये बयेची भूमिका करणाऱ्या हंसाबाईंना तर तो दुहेरी चिकटला.

दुसरीकडे, ईश्वरपूरहून उत्तरेला महामार्गाने कराड गाठावे, तर ते संत सखूचे गाव. प्रभातच्या 'संत सखू' (१९४१) मध्ये सखू झाल्या होत्या हंसाबाईच. कथेतील सखूला सासरी बांधून ठेवतात. विठ्ठल तिचे रूप घेऊन तिच्या जागी बांधला जातो आणि ती पंढरपूरला जाते. हंसाबाई पुढे मराठवाड्यातील एका घरात तिसरी बायको म्हणून राहिल्या आणि तेथे अडकल्या, तेव्हा त्यांच्या जागी उभे राहायला कुणी आले नाही. एकाच बाईत प्रेक्षकांनी सखूही पाहिली आणि बयाही. रतन साळगावकर मात्र कुणाला पाहायची नव्हती.

म्हणून पुस्तकाच्या नावाकडे नीट पाहावे. अनंत माने यांचा याच नावाचा तमाशापट १९५९ मध्ये आला आणि पुण्यात १३१ आठवडे चालला. पडद्यावर ती रसिकांना घातलेली साद होती. पुस्तकावर तेच दोन शब्द निराळे होतात. 'सांगत्ये' हे स्त्रीचेच क्रियापद. सांगणारी कोण, हे त्यातच आले. 'ऐका' ही आज्ञा, आजवर परस्पर बोलणाऱ्यांना उद्देशून. एव्हलिन न कळलेले कळवते; हंसाबाई कळले आहे असे मानलेले पुन्हा, आपल्या तोंडून सांगतात. वाचकाला नवी बातमी फारशी मिळत नाही. सांगण्याचा हक्क मात्र हात बदलतो.

अर्थात इतिहासाचे साधन म्हणून हे कथन जपूनच वाचले पाहिजे. कादंबरीतील पत्रकार स्वतः एक पात्र आहे. साधूंचा प्रश्न, त्यांची निवड, त्यांची लेखणी मात्र प्रथमपुरुषी निवेदनामागे राहते. ज्यांच्याविषयी सांगितले त्यांची बाजू तेथे नाही. १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी याच आयुष्यावरून 'भूमिका' केला, तेव्हा नावे बदलली, आणि स्मिता पाटील यांच्या उषाला पारितोषिकेही मिळाली. हंसाबाईंनी स्वतःच्या नावानिशी सांगितले होते.

विद्यार्थ्यांनी ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्हाला वाटते. कादंबरी मिटताना गुपित उलगडल्याचे समाधान मिळते. 'सांगत्ये ऐका' ते देत नाही. इतकी वर्षे आपण नेमके कुणाचे ऐकत होतो, हे तपासायला ते लावते.