रिकामा अडकित्ता वाजवू नये

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं थोडं तसंच ठेवलंय.)

[टक्. टक्. टक्.]

हेडफोन लावून ऐकणारे दचकले असतील तर सॉरी. हा आवाज अडकित्त्याचा, आणि तोही रिकाम्या अडकित्त्याचा. माझी आजी असती तर आत्ता आतून ओरडली असती, "वाजवू नको रे तो, घरात भांडणं लागतात!" कात्रीबद्दलही ती हेच म्हणायची. पात्यावर पातं उगाच आपटलं की धार बोथट होते, हे खरं कारण असावं. पण "धार जाईल" म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत, "भांडणं लागतील" म्हटलं की ऐकतात.

तर आज अडकित्ता. तुमच्यातल्या निम्म्यांनी तो फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिला असणार. विज्ञानाचा धडा आठवा. तरफेचे तीन प्रकार आणि दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण म्हणून लिंबू पिळायचं यंत्र आणि अडकित्ता. टेकू एका टोकाला, जोर दुसऱ्या टोकाला आणि मधे बिचारी सुपारी. "अडकित्त्यात सापडणे" हा वाक्प्रचार तिथूनच आला.

मी, माझा एक रात्रपाळी करणारा मित्र आणि वालीवला फिटर असलेला दुसरा मित्र, असे आम्ही तिघं सात-आठ वर्षं अडकित्ते जमवतोय. आमच्या वसई-विरारमध्ये कोणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "विकायला?" आणि दुसरा, "मग कशाला?" दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली.

जगात खिशातले चाकू जमवणारे पुष्कळ आहेत. फ्रान्समध्ये ओपिनेलचा लाकडी मुठीचा घडीचा चाकू १८९० पासून बनतोय. स्विस सैनिकांचा चाकू १८९१ चा. शेतकरी, शिपाई, खलाशी, प्रत्येकाच्या खिशात आपलं एक पातं, आणि संध्याकाळी चार जण बसले की ते बाहेर निघणार, कोणाचं कसं आहे ते बघितलं जाणार. मला वाटायचं आपल्याकडे असं काही नव्हतंच. कोयता होता, पण तो कामाचा, कमरेला मागे अडकवायचा. विळी स्वयंपाकघरातली. मग लक्षात आलं, आपल्या माणसाच्या खिशातलं पातं म्हणजे अडकित्ता! चंचीच्या कप्प्यात पान, सुपारी, कात, चुन्याची डबी, तंबाखू आणि हा. जत्रेला, कोर्टात, लग्नात, जाईल तिथे बरोबर.

शब्दही मजेशीर आहे. कन्नडमध्ये सुपारीला 'अडके' म्हणतात. अडके कापायचं हत्यार ते अडकित्ता. मल्याळममध्ये सुपारी म्हणजे 'अडक्का'. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, त्याचा 'अरेका' केला आणि तोच पुढे शास्त्रीय नावात जाऊन बसला. म्हणजे आपला अडकित्ता आणि वनस्पतिशास्त्रातला अरेका एकाच घरातले. हिंदीत याला सरौता म्हणतात, गुजरातीत सूडी.

पोर्तुगीजांचा विषय निघालाच आहे तर जरा वसईकडे वळू. १५३४ मध्ये वसई त्यांच्या ताब्यात गेली ती १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेईपर्यंत. त्या काळात मुंबई ही वसईच्या हाताखालची जागा होती. (हे वाक्य चर्चगेटला जाणाऱ्या गर्दीच्या लोकलमध्ये मोठ्यानं म्हणून बघा, बरं वाटतं.) मुंबईचं बेट भाड्यानं घेतलेला एक पोर्तुगीज वैद्य होता, गार्सिया द ओर्ता. त्यानं १५६३ मध्ये गोव्यात औषधी वनस्पतींवर एक पुस्तक छापलं. पुस्तक संवादांच्या रूपात आहे आणि त्यातला एक अख्खा संवाद सुपारीवर आहे. परक्या माणसाला पहिल्यांदा काय दिसलं, तर इथली माणसं दिवसभर काहीतरी चघळतायत.

वसईच्या वाड्यांतून सुपारीची आणि केळीची झाडं होतीच, आणि पानवेली तर खास. आमचीही वाडी होती, आगाशीच्या अलीकडे. तिथे आता चार मजल्यांच्या इमारती आहेत, त्यातल्या एकीत मी राहतो. पण आजोबांच्या वेळचं सांगतो.

आजोबांचा अडकित्ता लोखंडी, काळा, एका टोकाला पोपटाची चोच असल्यासारखा वळलेला. दिसायला काही विशेष नाही. त्यांचे एक जिवलग मित्र होते. पलीकडच्या वाडीतले, ख्रिस्ती, रविवारी चर्चमधून परस्पर आमच्या ओटीवर येणारे. दोघांच्या चंचीत काय असायचं बघा. आजोबांकडे सुपारी, कात आणि अडकित्ता. त्यांच्याकडे पान आणि चुना. मी लहान असताना विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही चुना का ठेवत नाही?" ते म्हणाले, "ठेवला तर तो येईल कशाला?"

अडकित्त्यानं सुपारी कातरायला वेळ लागतो. सुकलेली सुपारी दगडासारखी असते. आधी नीट धरून दोन भकलं करायची, मग एकेका भकलाची पातळ कात्रणं. घाई केली तर सुपारी उडून अंगणात जाते किंवा बोटाचं पेर जातं. एका विड्यापुरती सुपारी कातरेपर्यंत पावसाचं, भावाचं, कोणाच्या मुलीच्या लग्नाचं बोलून होतं. कातरणाऱ्यानं आधी समोरच्याला द्यायचं, मग स्वतः घ्यायचं. दरबारात पानसुपारी आली की बैठक संपली असं समजायचे. पुढे नगरपालिका पाहुण्या पुढाऱ्यांचा सत्कार करायच्या, त्या समारंभाचंच नाव 'पानसुपारी' होतं. लग्न ठरलं की सुपारी फुटली. आमंत्रण म्हणजे अक्षत-सुपारी. पूजेत गणपती नसेल तर सुपारीच गणपती. आणि मग मुंबईनं या सगळ्याचं काय केलं? 'सुपारी दिली' म्हटलं की आता आपल्याला फक्त खून आठवतो.

जमवणाऱ्यांमधले आपले थोरले म्हणजे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६ चा. 'अज्ञातवासी' या नावानं कविता करायचे, आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीनं गावोगाव फिरून लोकांच्या घरातल्या रोजच्या वस्तू गोळा करायचे. दिवे, कुलपं, वज्र्या, फण्या आणि अडकित्ते. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं हे संग्रहालय उभं राहिलं आणि पुढे त्यांनी ते महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. संग्रह वीस हजारांच्या वर आहे. पुण्याला गेलात तर अडकित्त्यांच्या कपाटापाशी थांबा. मोर आहेत, घोडे आहेत, एकमेकांना बिलगलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत, अडकित्ता मिटला की तीही जवळ येतात. सुपारी कातरायच्या हत्यारावर एवढी कारागिरी कशासाठी, याचं उत्तर मला ओटीवर मिळालं होतं. ते चारचौघांत बाहेर काढायचं असतं म्हणून!

दुसरा जमवणारा आणखी लांबचा आहे, सॅम्युअल आयलेनबर्ग. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला मोठा गणिती, 'कॅटेगरी थिअरी' ही शाखा सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक. त्यानं आशियातल्या छोट्या मूर्ती जमवल्या, चारशेहून जास्त वस्तू मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिल्या. आणि त्यानं अडकित्तेही जमवले, इतके की त्यांच्यावर वेगळं पुस्तक निघालं. आमच्या फिटरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दोन दांडे आणि एक खिळा. गणितवाल्याला आवडणारच."

आमचं जमवणं असल्या तोलामोलाचं नाही. वसई-विरारमध्ये जुनं घर पडून बिल्डिंग होते, तेव्हा माळ्यावरचं सामान भंगारात जातं. भंगारवाला लोखंड किलोवर घेतो, आणि त्यात कधी एखादा अडकित्ता असतो. तसे आमचे तीन-चार भंगारवाले ठरलेले आहेत, ते फोन करतात. बाकी मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार. पितळी, चकचकीत, "दोनशे वर्षं जुना आहे साहेब" असं कोणी म्हणालं तर आधी आतलं पातं बघा. कातरणारं पातं पोलादी हवं. अख्खा पितळेचा असेल तर तो शोभेचा आहे, त्यानं सुपारी काय, काकडी कापा. खालच्या दांड्याला जिथे सुपारी बसते तिथे झिजून खळगा पडलेला असतो. ती झीज कोणाला नकली करता येत नाही. निदान आम्हाला अजून तशी दिसलेली नाही.

आमची भांडणंही होतात, आजीचं खरंच होतं. पितळ पितांबरीनं लख्ख घासायचं की काळपट राहू द्यायचं, यावर रात्रपाळीवाला आणि मी दोन महिने बोलत नव्हतो. गंजलेला खिळा मोकळा करणं हे मात्र फिटरचंच काम. तो अडकित्ता रॉकेलमध्ये बुडवून ठेवतो, रोज थोडा हलवतो, जोर लावत नाही. ग्राइंडरला तर अजिबात लावू देत नाही, कारण पातं तापलं की त्याचं पाणी उतरतं. एकदा एक अडकित्ता उघडायला त्याला दीड महिना लागला होता. उघडला तेव्हा त्यानं रात्री अकरा वाजता फोटो पाठवला, खाली एकच शब्द, "बोलला."

आता ज्या गोष्टीसाठी हा भाग करायला मी इतके दिवस टाळत होतो ती.

सुपारीनं तोंडाचा कॅन्सर होतो. तंबाखू नसली तरी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये सुपारीला माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. त्याच्या कितीतरी आधी, १९५२ मध्ये, केनियातल्या पाच भारतीय बायकांची तोंडं उघडेनाशी झाल्याची नोंद एका डॉक्टरनं केली होती. गालाच्या आतली कातडी दोरीसारखी कडक होते, जबडा आवळत जातो.

आजोबांचे मित्र तोंडाच्या कॅन्सरनं गेले. परळच्या फेऱ्या दोन वर्षं चालल्या. शेवटी त्यांना पाणीही चमच्यानं द्यावं लागायचं. ते गेले त्या दिवशी आजोबांनी अडकित्ता मिटला, त्याच्याभोवती सुतळी गुंडाळली आणि फडताळात टाकला. पुढची अकरा वर्षं पान खाल्लं नाही. तो अडकित्ता आता माझ्याकडे आहे, सुतळीसकट.

म्हणून कोणी मला "जुन्या काळचं पान किती छान, हल्लीची पुडी वाईट" असं सांगितलं की मी मान डोलावत नाही. ओटीवरच्या सुपारीनंही माणूस मेला. पण पुडीनं काहीतरी वेगळं केलं हेही खरं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पान मसाल्याची पाकिटं आली, टपरीवर त्यांच्या माळा लटकायला लागल्या. अडकित्त्याचं काम कारखान्यात गेलं. कातरायला लागणारा वेळ गेला, समोरच्याला आधी द्यायचं राहिलं, आणि दिवसाला दोन विड्यांच्या जागी माणूस एकटा, लोकलच्या दारात, दहा-दहा पुड्या तोंडात रिकाम्या करू लागला. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये गुटखा आणि पान मसाल्यावर बंदी घातली. विरार स्टेशनच्या बाहेर ती कितपत दिसते, ते तुम्ही रोज बघताच.

मागच्या वर्षी आमच्या फिटरला वडापाव खाताना त्रास व्हायला लागला. तिखट झोंबतंय म्हणाला. आम्ही हसलो, म्हातारा झालास म्हणालो. दातांच्या डॉक्टरनं त्याला तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली.

तो पुड्या खातो हे आम्हाला माहीत होतं. आठ वर्षं दर रविवारी आम्ही तिघं सुपारी कातरायच्या हत्याराबद्दल तासन् तास बोललो आणि त्याच्या गालातल्या सुपारीबद्दल एकदाही नाही. एक काय ती मस्करी केली असेल. दोस्तीत असं बोलायचं नसतं, असं मला वाटायचं. आजोबांनाही बहुतेक असंच वाटलं असणार, चुना मागताना.

त्यानं पुडी सोडलीय. तपासणी चालू आहे, कॅन्सर निघालेला नाही. डॉक्टरनं व्यायाम दिलाय. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून वरच्या-खालच्या दातांमध्ये धरायच्या आणि काही दिवसांनी एक काडी वाढवायची. जोर लावायचा नाही. हे ऐकल्यावर आम्ही तिघंही गप्प झालो होतो, मग तोच म्हणाला, "रॉकेल तेवढं नाही सांगितलं."

ऐकणाऱ्यांनो, तुम्हीही आत्ता तीन बोटं उभी करून तोंडात घालून बघा. लोकलमध्ये असाल तर उतरल्यावर बघा. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरकडे जा, थांबू नका.

ग्रुपवर तो आता अडकित्त्यांऐवजी काड्यांचे फोटो टाकतो. सुरुवात बारापासून झाली होती. परवा रात्री अकराला मेसेज आला, "चौदा."