तंबोऱ्याची निगा : पावसाळा आणि थंडी

सीमाभागाला तंबोऱ्याचे जवळचे माहेर म्हणजे मिरज. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी-तबली तुनीच्या लाकडाची. दोन्ही हवेतली ओल शोषतात आणि सोडतात.

पावसाळा (जून ते सप्टेंबर) : खुंट्या फुगून अडकतात. जोराने पिळू नयेत. दांडीला चीर जाते. भोपळ्याला बुरशी धरते. वाद्य ओलसर भिंतीला टेकवू नये. गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. उघडीप मिळताच गवसणी काढून सावलीत हवा द्यावी.

थंडी (डिसेंबर ते फेब्रुवारी) : कोरड्या हवेत लाकूड आकसते, खुंट्या घसरतात. खुंटीला खडू चोळावा, तेल कधीही नको. ऊन, चूल, हीटर यांपासून वाद्य लांब ठेवावे.

बरेच दिवस वाजवायचा नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात. सांधा सुटला किंवा भोपळा तडकला, तर घरी गोंद न लावता कारागिराकडे न्यावा. भोपळा बदलला की आवाजही बदलतो; आजोबांच्या तंबोऱ्याचा तो नाद मग परत मिळत नाही.

मुलांच्या गिटारलाही हीच काळजी लागते. तिला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते.