जंगल सफारीचा कालावधी (बोर व्याघ्र प्रकल्प)

जंगल सफारीचा कालावधी म्हणजे अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात आलेल्या पर्यटकाने प्रवेशद्वाराच्या आत, प्रत्यक्ष जंगलात, किती वेळ घालवावा याचे मान होय. प्रस्तुत लेखात हे मान वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी या गावाजवळच्या बोर व्याघ्र प्रकल्पाच्या संदर्भात दिले आहे. वनविभागाने ठरवलेली वेळ, वन्यप्राण्यांची दिनचर्या, विदर्भातील हवामान आणि वाहने सोसण्याची त्या जंगलाची शक्ती यांवर हा कालावधी ठरतो. पर्यटकाची सवड त्यानंतर येते. सर्वसाधारण पर्यटकास एक मुक्काम आणि लागोपाठच्या दोन फेऱ्या, म्हणजे पहिल्या दिवशी दुपारची व दुसऱ्या दिवशी सकाळची, एवढा वेळ पुरेसा ठरतो.

स्थान व क्षेत्र

हिंगणीहून बोरधरणाकडे जाणारा रस्ता थोड्याच अंतरावर प्रकल्पाच्या प्रवेशद्वाराशी पोहोचतो. बोर नदीवरील धरणाचा जलाशय व त्याभोवतीचे सागाचे जंगल हा या परिसराचा मुख्य भाग आहे. सागाबरोबर ऐन, तेंदू, मोह व बांबू येथे आढळतात. वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, सांबर, चितळ, नीलगाय, रानडुक्कर व वानर हे येथील प्रमुख प्राणी होत.

बोर अभयारण्याची घोषणा १९७० मध्ये झाली. त्या वेळी त्याचे क्षेत्र सुमारे ६१ चौरस किलोमीटर होते. पुढे नवीन बोर अभयारण्य व त्याचा विस्तार यांची भर पडली आणि २०१४ मध्ये या सर्व क्षेत्रास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. प्रकल्पाचे गाभा क्षेत्र १३८.१२ चौरस किलोमीटर असून देशातील व्याघ्र प्रकल्पांमध्ये ते अत्यंत लहान गणले जाते. ताडोबा-अंधारी प्रकल्पाचे गाभा क्षेत्र याच्या साडेचार पट आहे. बोरभोवतीचे बफर क्षेत्र मात्र ६७८ चौरस किलोमीटरहून अधिक आहे व त्यात अनेक गावे आणि शेती येते.

क्षेत्राचा हा लहानपणा कालावधीच्या विचारात महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनास खुला ठेवता येत नाही. बोरच्या बाबतीत हा भाग फार तर सत्तावीस-अठ्ठावीस चौरस किलोमीटर भरतो. एवढ्या भागातील वाटा मर्यादितच असणार. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या फेरीत पर्यटक पुन्हा त्याच वाटांवरून, बहुधा त्याच पाणवठ्यांपाशी येतो. मोठ्या जंगलात दर फेरीस नवे प्रवेशद्वार निवडता येते. येथे तशी चैन नाही.

फेरीची वेळ

सफारी सकाळी व दुपारी अशा दोन सत्रांत होते. प्रत्येक फेरी साधारणतः साडेतीन ते चार तासांची असते. सूर्योदयाच्या सुमारास प्रवेशद्वार उघडते आणि सूर्यास्ताच्या आत वा त्या सुमारास सर्व वाहने बाहेर पडावी लागतात. ऋतुमानानुसार या वेळा पुढेमागे होतात. पावसाळ्यात, साधारणतः जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते. आठवड्यातील एक दिवसही सफारीस सुटी असते. प्रत्येक जिप्सीबरोबर स्थानिक गाइड घेणे बंधनकारक आहे आणि फेरीच्या वेळात पर्यटकास वाहनातून खाली उतरता येत नाही. ही शेवटची अट पहिल्यांदा येणाऱ्यांच्या सहसा लक्षात राहत नाही. लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर तिचा विचार आधीच करावा लागतो.

प्राण्यांची दिनचर्या

वाघ प्रामुख्याने रात्री आणि पहाटे-संध्याकाळच्या संधिप्रकाशात हिंडतो. दिवस तापू लागला की तो सावलीत किंवा पाण्यात बसून राहतो. म्हणून सकाळच्या फेरीतील पहिला तास आणि दुपारच्या फेरीतील शेवटचा तास हे सर्वांत मोलाचे समजले जातात. सकाळी उशिरा पोहोचलेल्या पर्यटकाचा अर्धा तास वाया गेला, तर हिशेबाने तो एक अष्टमांश वेळ असला तरी फेरीचा गाभाच त्यात हातचा जातो.

उन्हाळ्यात या नियमास थोडा अपवाद घडतो. एप्रिल-मे महिन्यांत ओढे आटतात, पानगळीमुळे रान विरळ होते आणि प्राणी थोड्याच पाणवठ्यांवर एकवटतात. अशा वेळी दुपारच्या फेरीच्या आरंभीही वाघ पाण्यात बसलेला दिसू शकतो. येथे वाहन सतत पळवण्यापेक्षा एका पाणवठ्याजवळ इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबणे अधिक फलदायी ठरते. चितळाची तीक्ष्ण साद व झाडावरच्या वानराचा खाकरा हे इशारे इंजिनाच्या आवाजात ऐकूच येत नाहीत. हिवाळ्यात उलट स्थिती असते. पाणी सर्वत्र असते, गवत उंच असते व वाघ दिसण्याचा संभव कमी; परंतु पक्षिनिरीक्षणास, विशेषतः जलाशयाच्या काठी, हाच काळ उत्तम.

किती फेऱ्या

फेऱ्या वाढवल्या की वाघ दिसण्याची शक्यता वाढते हे खरे, पण प्रत्येक नव्या फेरीने होणारी वाढ घटत जाते. उदाहरणादाखल एका फेरीत वाघ दिसण्याची शक्यता तीनात एक धरली (हा आकडा केवळ गणितासाठी आहे), तर एका फेरीस ती सुमारे ३३ टक्के, दोन फेऱ्यांस ५६, तीन फेऱ्यांस ७० आणि चार फेऱ्यांस ८० टक्के होते. दुसऱ्या फेरीने २२ टक्क्यांची भर पडते, चौथीने जेमतेम १०. खर्च व शीण मात्र दर फेरीस तितकाच होतो. शिवाय चार फेऱ्या करूनही पाच पर्यटकांपैकी एकास वाघ दिसत नाही, हेही या गणितातून दिसते.

हे गणित प्रत्येक फेरी स्वतंत्र मानते. प्रत्यक्षात लागोपाठच्या दोन फेऱ्या एकमेकींशी निगडित असतात. वाघाने सांबरासारखी मोठी शिकार केली असेल तर तो दोन-तीन दिवस तिच्या आसपास राहतो. दुपारच्या फेरीत दिसलेल्या ताज्या पाउलखुणा, ऐकू आलेली साद किंवा ओढत नेलेल्या शिकारीची खूण यांचा उपयोग गाइडला दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. म्हणून सकाळ व त्याच दिवशीची दुपार यांपेक्षा दुपार व नंतरची सकाळ ही जोडी अधिक सोयीची. मधली रात्र पर्यटकास विश्रांती देते, आणि वाघाच्या हालचालीचा मुख्य काळही तोच असल्याने सकाळी मातीच्या वाटेवर त्याच्या ताज्या खुणा मिळतात. छायाचित्रकार व अभ्यासक यांना अर्थातच याहून अधिक वेळ लागतो. त्यांच्यासाठी तीन-चार दिवसही थोडेच.

ऊन व शरीर

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याहून वर जाते. दुपारची फेरी सुरू होते तेव्हा उन्हाचा कडाका ओसरलेला नसतो आणि जिप्सीला छप्पर नसते. चार तासांच्या अशा फेरीत शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात. डोके दुखणे, मळमळ, चक्कर आणि घाम अचानक थांबणे ही उष्माघाताची पूर्वचिन्हे होत. ती दिसताच गाइडला सांगून वाहन ताबडतोब प्रवेशद्वाराकडे वळवणे आवश्यक असते. फेरीचे पैसे वाया जातील या विचाराने बसून राहणे जिवावर बेतू शकते. प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, डोक्याला पांढरा दुपट्टा आणि फेरीपूर्वी पोटभर ताक किंवा पन्हे हा वऱ्हाड-नागपूरकडचा जुना उपाय येथेही चालतो. उन्हाळ्यात वृद्धांनी व लहान मुलांनी केवळ सकाळची एकच फेरी करणे श्रेयस्कर आहे. हिवाळ्यातील पहाटे उघड्या वाहनात थंडी बोचते, पण ती गरम कपड्यांनी निभावते.

वाहनांची संख्या व धारणक्षमता

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनास जुलैमध्ये तात्पुरती मनाई केली होती. ऑक्टोबरमध्ये वर उल्लेखिलेली मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यावर ती उठवण्यात आली. या तत्त्वांत प्रत्येक प्रकल्पाची धारणक्षमता काढण्याची रीत दिली आहे. त्यात वाटांची लांबी व दोन वाहनांमधील आवश्यक अंतर यांबरोबर आवर्तन गुणक धरला जातो. जंगल दिवसातून जितके तास खुले असते त्यास एका फेरीच्या सरासरी वेळेने भागले की हा गुणक मिळतो. जंगल आठ तास खुले व फेरी चार तासांची असेल तर गुणक दोन येतो. म्हणजे वाटेवरील प्रत्येक जागा दिवसात दोन वाहनांना मिळते. नंतर पाऊस, रस्त्यांची झीज, प्राण्यांना होणारा उपद्रव व उपलब्ध कर्मचारी यांनुसार ही संख्या आणखी कमी केली जाते. थोडक्यात, एका पर्यटकाने आत घालवलेला वेळ हा दुसऱ्याच्या वाट्यातून घेतलेला असतो. काही ठिकाणी दिवसभराची सफारी जादा शुल्क घेऊन दिली जाते. बोरएवढ्या जंगलास ती मानवणारी नाही.

प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखण्याचा दंडकही याच तत्त्वांत आहे. तो मोडल्यास काय होते याचे उदाहरण शेजारीच घडले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात सफारीच्या वाहनांनी एका वाघिणीची व तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत प्रसृत झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. संबंधित वाहनचालक व गाइड यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. वाहन पुढे घेण्याचा आग्रह बहुतेक वेळा मागच्या आसनावरून होतो आणि रोजगार जातो तो गावातल्या गाइडचा, ही गोष्ट पर्यटकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

बफर क्षेत्रात वेळेचा आणखी एक पैलू आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले व मे महिन्यात तेंदूपाने गोळा करण्यासाठी गावकरी पहाटेच रानात जातात. वाघाच्या हालचालीची वेळही तीच. पर्यटकांच्या वाहनांमुळे विचलित झालेला प्राणी याच माणसांच्या वाटेवर येण्याचा धोका असतो. प्रकल्पाचे वाघ गाभा क्षेत्राबाहेरही दूरवर हिंडतात. येथील बाजीराव नावाने प्रसिद्ध असलेला नर वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मरण पावला.

मचाणावरील रात्र

बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्र वनविभाग ‘निसर्गानुभव’ हा उपक्रम राबवतो. त्यात निवडक नागरिकांना पाणवठ्यालगतच्या मचाणावर रात्रभर बसून येणाऱ्या प्राण्यांची नोंद करता येते. जंगलात सलग दहा-बारा तास राहण्याची सामान्य माणसास मिळणारी ही दुर्मीळ संधी होय. या काळात मचाणावरून उतरता येत नाही, दिवा लावता येत नाही व बोलणेही वर्ज्य असते.

दोन फेऱ्यांखेरीजचा वेळ

सकाळच्या फेरीनंतर दुपारपर्यंतचा वेळ मोकळा असतो. बोरधरणाचा परिसर, सेलू तालुक्यातील केळझरचा गणपती, धाम नदीकाठचा पवनार येथील विनोबांचा आश्रम आणि सेवाग्राम ही स्थळे परतीच्या वाटेवर पाहता येतात. महात्मा गांधी १९३६ पासून सेवाग्राम येथे राहत असत. उन्हाळ्यात ही स्थळे सकाळच्या फेरीला जोडून एकाच दिवशी करू नयेत. संध्याकाळी पाच वाजल्यानंतर निघावे.