एका शब्दाचा वाद

इ. स. १५२२ च्या सप्टेंबरांत मार्टिन लूथरनें केलेलें नव्या कराराचें जर्मन भाषांतर विटेनबर्ग येथें छापून निघालें. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत पौल नियमशास्त्राच्या कर्मांहून विश्वास वेगळा काढतो; लूथरनें तेथें ‘केवळ’ हा शब्द जास्त घातला. मूळ ग्रीकांत तो नाहीं. प्रतिपक्षानें गहजब केला, आणि ती तक्रार अगदींच निराधार नव्हती.

१५३० सालीं कोबुर्गच्या किल्ल्यांतून लूथरनें खुल्या पत्रानें उत्तर दिलें: जर्मन बोलीची धाटणीच तो शब्द मागते, आणि पौलाचा आशयही तोच. यांपैकीं भाषेचा मुद्दा मला लंगडा वाटतो. ‘केवळ’चें खरें मूळ एर्फुर्टच्या मठांत सांपडतें. १५०५ सालीं तेथें प्रवेश केल्यावर उपासतापास, जागरणें, तासन् तास चालणारी पापकबुली, सारें झालें. आणि प्रत्येक व्रतानंतर ‘एवढें पुरेसें झालें काय?’ हा प्रश्न तसाच उभा राही. मोजतां येणारें कर्म कधींच पुरत नाहीं, हें ज्यानें भोगलें त्याला कृपेच्या शेजारीं दुसरें कांहीं ठेववेना.

याकोबाच्या पत्रांत मात्र केवळ विश्वास पुरेसा नाहीं, असें साफ म्हटलें आहे. लूथरनें तें पत्र आणखी तीन पुस्तकांसह अनुक्रमणिकेच्या शेवटीं, क्रमांकावांचून बसविलें! हा उघड पक्षपात होय.

१५४७ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें लूथरच्या मताचा निषेध केला. पुढें १९९९ सालीं रोमन कॅथॉलिक व लूथरपंथीय यांनीं ऑग्सबुर्ग येथें याच प्रश्नावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. दिवस निवडला ३१ ऑक्टोबरचा. १५१७ सालीं याच तारखेस लूथरनें पापक्षमापत्रांविरुद्धचीं आपलीं प्रमेयें माइन्झच्या आर्चबिशपाकडे धाडलीं होतीं.